परक्या चंद्रावरचा नंदादीप

मंडळी, आज नातीनं मला पेचातच टाकलं!

आमच्या देवास शहरातल्या मराठी मंडळात नवरात्रात तिचं नाटक आहे. नायिका दुसऱ्या ग्रहाच्या, परक्या चंद्रावर अखंड नंदादीप लावते. तिथली हवा म्हणजे नुसता गोबरगॅस. तालमीत मैत्रीण म्हणाली, "अगं यार, ऑक्सिजनशिवाय दिवा जळेल कसा?" पोर रडवेली होऊन घरी आली.

मी शेगडी दाखवली. "इथे हवा बाहेर, गॅस नळीत. तिथे गॅस बाहेर आहे, तर नायिकेच्या पाठीवरच्या टाकीतला ऑक्सिजन नळीनं सोड अन् ठिणगी दे. जळेल!"

"पण आजी, मग ती श्वास कशाचा घेणार?"

"अखंड नको, आरतीपुरताच लाव. देवी समजून घेईल."

नात खुदकन हसली. नाटकाचा शेवट ठरला!

तुमची देवी घेईल ना समजून?