माहेरी राहिलेले गुण

पुण्यातल्या कार्यालयात डेटाबेसचा नवा तक्ता आखायला घेतला, की आजही मला संग्रामपूरच्या संगणक वर्गातले आमचे सर आठवतात. ते चप्पल दाराबाहेर काढूनच संगणकासमोर बसत आणि प्रत्येक वेळी एंटर दाबताना ओठांतल्या ओठांत "हाव, हाव" म्हणत, म्हणजे वऱ्हाडीतले "हो, हो".

वर्गाची वेबसाइट त्यांनीच बांधली होती. तिच्यात प्रत्येकाची ओळख, म्हणजे प्रायमरी की, त्याचे पूर्ण नाव हीच होती. एकदा एक जुनी विद्यार्थिनी नोकरीच्या मुलाखतीसाठी प्रमाणपत्र मागायला आली. लग्नात तिचे पहिले नावही बदलले होते. सरांनी नवे नाव टाकून नोंद जतन केली. पण ही ओळख बदलली, की वेबसाइट ज्यावर उभी असते ते फ्रेमवर्क नवीच नोंद उघडते आणि जुनी होती तिथेच राहते. नव्या नावापुढे गुणांचा रकाना रिकामा आला.

"सर, माह्यं लगन झालं, पन मार्क माहेरीच राह्यले!" ती हसली खरी, पण मुलाखत दुसऱ्याच दिवशी होती.

गुण हाताने उतरवून काम भागले असते. सरांनी मात्र आमचा तास रद्द केला आणि सारा तक्ता नव्याने आखला. प्रत्येकाला कधीही न बदलणारा, अर्थहीन क्रमांक मिळाला. गुण त्या क्रमांकाला जोडले गेले आणि नाव हा एक साधा रकाना झाला.

मग त्यांनी विचारले, "बाई, कोन्तं नाव टाकू? तुले कोन्तं पाह्यजे?"

ती पडद्याजवळ सरकली. "दोन्ही टाकता येतीन का, सर?"

"हाव," सर म्हणाले, "आता येतीन."