नखाची गोळी आणि पाचोडची आमटी

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण हा घोळ माझा एकट्याचा, आणि त्यापायी अख्खं पाचोड तहानेनं व्याकूळ झालं होतं. अख्खं म्हणजे... बरं, एका मांडवातलं तरी!

झालं असं. चितेगावच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी जाड बुटात गेली. रिटायर झालो, बूट निघाले, आणि खाली बघतो तर काय? उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, खडबडीत. कौलाचा तुकडा बसवल्यासारखं!

आमची सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, पडेगावला घरूनच लग्न-साखरपुड्याच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. एकटीनं उभा केलेला धंदा आहे बरं का! शेकडो पानांचा स्वैपाक अंगावर घेईल आणि वर शांतपणे चहा पीत बसेल, अशी बाई. तिच्या येसराच्या आमटीसाठी लोक लांबून लांबून येतात. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं ते येसर नुसतं डब्यातून काढलं तरी गल्लीला भूक लागते. आणि या सगळ्या कारभारात माझं पद कोणतं? चाखणारा. मी मान हलवली की आमटी पास!

तर एक दिवस ती म्हणाली, "अहो, ते नख दाखवून या. चप्पल काढून वाढता तुम्ही. लोक पानाकडं बघायचं सोडून तुमच्या पायाकडं बघतात."

गेलो. त्वचेच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण कामाला पक्क्या. नखाचा तुकडा कापून तपासायला पाठवला. म्हणाल्या, "काका, प्रत्येक पिवळं नख बुरशीचं नसतं. खात्री झाल्याशिवाय गोळी नाही." मग रक्त काढलं. दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? दारू घेता? कावीळ झाली होती कधी? पोरीचं स्थळ बघायलासुद्धा एवढी चौकशी होत नसेल!

रिपोर्ट आले. बुरशीच निघाली. आणि बाई म्हणाल्या, "लिव्हर एकदम छान आहे हं काका."

बस्स! तिथून पुढं बाई काय बोलल्या, देवाला ठाऊक. अहो, माझ्या कोणत्याही भागाला कुणी छान म्हणायची ती आयुष्यातली पहिली वेळ! बाई बोलत होत्या, मी हसत मान हलवत होतो. डोक्यात शिरलं ते एवढंच की रोज एक गोळी, काही महिने.

काही आठवडे मजेत गेले. मग जेवण पांचट लागायला लागलं.

"सुनंदा, वरणात मीठ नाय."

"आहे की."

"नाय म्हणतो ना! हल्ली मीठच हलकं यायला लागलंय."

दुकान बदललं, पुडा बदलला. पुन्हा तेच! तिखट झोंबायचं, पण मीठ लागेना, गोड लागेना. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. आता तुम्ही विचाराल, गोळीचा संशय नाही आला? का यावा? गोळी पायाची, जीभ तोंडात. दोघांचा संबंध काय? मधे एवढा मोठा माणूस उभा आहे!

आणि अशात पाचोडची ऑर्डर आली. साखरपुडा होता. त्या दिवशी सुनंदाची संकष्टी, म्हणजे तिच्या जिभेला सुट्टी. सगळी भिस्त माझ्यावर. आमटीला उकळी आली, मी चमचा तोंडात घातला. सपक!

"मीठ घातलंय मी," लांबून सुनंदा ओरडली.

"व्हय व्हय," म्हटलं, आणि टाकलं मूठभर. चाखलं. तरी सपक. अजून एक मूठ. मग म्हटलं, पाहुण्यांच्या इज्जतीचा सवाल आहे, हात कशाला आखडायचा? अजून एक!

पंगत बसली. नवरदेवाचे मामा फेटा सावरून बसले होते. त्यांनी पहिला भुरका मारला आणि त्यांचे डोळे हे एवढे झाले.

"कशी झालीय मामा?"

"लई... लई जोरात झालीय," म्हणत त्यांनी पाण्याचा गिलास उचलला तो खालीच ठेवेनात.

मला वाटलं, तारीफ! "अरे, मामांना वाढा!"

"नगं, नगं!"

"लाजता काय मामा!" म्हणत मीच वगराळं भरून ओतलं. इकडं पाण्याचे जार भराभर रिकामे व्हायला लागले. मांडवात चिडीचूप! मी छाती फुगवून सुनंदाकडं गेलो. म्हटलं, "बघ, अशी रंगलीय पंगत, कुणी तोंडातून शब्द काढत नाय."

तिनं मांडवावर एक नजर टाकली. "बोलतील कसे? पाणी पितायत सगळे." आणि उपास बाजूला ठेवून तिनं एक थेंब जिभेवर घेतला. पुढं काय झालं ते मी आजवर विसरलो नाही. ती ना चिडली, ना माझ्यावर ओरडली.

तोवर नवरदेवाकडचे एक म्हातारे उठलेच. "आमची चेष्टा लावली काय इथं?" मुलीच्या बापाचा चेहरा पांढराफटक. ठरलेली सोयरीक आमटीत बुडायची वेळ!

सुनंदा सरळ पंगतीत जाऊन उभी राहिली. "बाबा, मामा, चूक माझ्या स्वैपाकाची आहे. मीठ जास्त पडलंय. मुलीकडच्यांना काही बोलू नका. बुंदी घ्या, दही घ्या, तोवर दुसरी आमटी आणते. ती नाही आवडली तर जे बोलायचं ते मला बोला."

माझं नाव? काढलंसुद्धा नाही!

आणि मग ती जी चुलीपुढं भिडली! अर्ध्याहून जास्त आमटी काढून टाकली, उकळतं पाणी ओतलं, वरणासाठी शिजवलेली बिनमिठाची डाळ घोटून घातली, येसर कालवलं, चिंचगुळाचा कोळ सोडला. बुंदीची दुसरी फेरी संपायच्या आत आमटी पानात! मामांनी भीत भीत बोट बुडवलं, चाटलं, आणि वाटी पुढं केली. "आता कसं! वाढा!" ते म्हातारे तर भात संपल्यावर नुसती आमटी प्यायले. मी भांड्याआडून बघत होतो. बायको आहे का सेनापती, कळेना!

परत येताना टेम्पोत तिनं विचारलं, "तुमच्या जिभेची चवच गेलीय. नवीन औषध काय चालू आहे? ती नखाची गोळीच ना? डॉक्टरीणबाईंनी अजून काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं बरंच..."

"काय?"

"तेव्हा मी लिव्हरचा विचार करत होतो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तीच मला घेऊन गेली. बाईंनी कपाळाला हात लावला. "काका, जिभेची चव गेली, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगावर पुरळ आलं, तर गोळी थांबवून लगेच या, असं बजावलं होतं ना?"

"पण बाई, गोळी पायाची होती!"

"पायाकडं जायला गोळीला वेगळा बायपास नाही काका. रक्तातून सगळं अंग फिरूनच ती नखापर्यंत जाते."

गोळी बंद झाली. पुन्हा रक्त तपासलं, ते ठीक निघालं. चव हळूहळू येईल, कधी महिनेही लागतात, आणि मेडिकलमधून आपल्या मनानं गोळी परत आणायची नाही, असं बाईंनी सांगितलं. नखावर लावायचं औषध दिलं. या वेळी सगळं सुनंदानं ऐकलं. मला बोलायचीही परवानगी नव्हती.

बरेच दिवस गेले. तोवर ऑर्डरींची आमटी सुनंदा स्वतःच चाखायची. एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि... गोड! "सुनंदा, साखर लागली!" असा ओरडलो की शेजारचे धावत आले. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

पुढच्या ऑर्डरीला मी रुबाबात चमचा घेऊन पातेल्यापाशी हजर! तेवढ्यात तिचा फोन वाजला. पाचोडच्या पंगतीतले तेच मामा. हात पिठात होते, म्हणून तिनं स्पीकर लावला.

"ताई, माझ्या पोरीच्या लग्नाची ऑर्डर घ्या. त्या दिवसाचं सोडा, पण तुमच्या हातचं मी आधीही लई ठिकाणी जेवलोय. हल्ली दोन-तीन पंगतींना खाल्ली ती आमटी काही औरच! मसाला बदलला काय?"

मी कान टवकारले. सुनंदानं माझ्याकडं बघितलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली,

"नाही हो मामा, मसाला तोच आहे. चाखणारा बदललाय."