पहिला आकडा

राधावहिनींनी कॅमेऱ्याला कधी कॅमेरा म्हटलं नाही. त्या त्याला 'सवत' म्हणत. "अप्पा आहेत का?" असं दारातून विचारलं की आतून उत्तर येई, "आहेत ना. मागल्या अंगणात सवतीला हवा दाखवतायत. या, भाऊजी."

रत्नागिरीत झाडगावात आमची घरं शेजारी होती. मी एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे आणि वहिनींचे यजमान अप्पा कचेरीत कारकून होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. एका सुटीत अप्पा मुंबईहून कॅमेरा घेऊन आले. मिटला की तो जाड पोथीएवढा दिसे. झाकण पाडलं की बाजाच्या पेटीसारखा काळा भाता पुढे सरके. भिंगाच्या वर नखाएवढी काच होती. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्या काचेत बघायचं. समोरचं सगळं तिथे इवलंसं दिसे.

वहिनींचं दुखणं या खाली घातलेल्या मानेत होतं. "आमच्यापुढे मान ताठ," त्या म्हणत. "तिच्यापुढे बघा, नव्या नवरीसारखी खाली."

भिंग पुसायला अप्पांनी त्यांच्या रेशमी चोळीचा तुकडा न विचारता घेतला. त्या दिवशी सोलकढीत मीठ नव्हतं. अप्पांनी ती निमूटपणे प्यायली.

रोल धुवायला बोटीने मुंबईला जात. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की वहिनींचा आवाज मोकळा होई. "चार महिने सवत माहेरी," त्या सांगत. पण बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवत त्याच. "मेलीची बाळंतपणंसुद्धा आम्हीच करायची."

एकदाच त्यांनी त्या काचेत डोकावून पाहिलं. अप्पा अंगणातून विहिरीकडे निघाले होते. काचेत ते गोठ्याकडे जाताना दिसले, कारण तिथे डावं-उजवं उलटं दिसतं. वहिनींनी कॅमेरा खाली ठेवला. "बघितलंत, भाऊजी? माणूस जातो एकीकडे, ही दाखवते भलतीकडे. सवतीचं सांगणं असंच असायचं."

अप्पांनी मांडवीच्या होड्या टिपल्या, कलमं टिपली, आळीतली सगळी पोरं टिपली. एका रोलात आठ फोटो निघत. कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची खिडकी होती, तिच्यात कितवा फोटो ते दिसे. एके दिवशी खिडकीत आठ दिसत असताना ते म्हणाले, "अगो, एक उरलाय. ये, उभी राहा."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "उरलेला भात खाते मी. उरलेला फोटो नको."

आठवा फोटो अप्पांनी माडाचा काढला. पुढे नवा रोल आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि माझ्यादेखत खिडकी वहिनींपुढे धरली. "वाच. कितवा?"

"एक," वहिनी म्हणाल्या. मग आत जाऊन लुगडं बदलून आल्या आणि तुळशीपाशी उभ्या राहिल्या. अप्पांनी मान खाली घातली.

"अहो, फोटो माझा ना? मग इकडे बघा."

"बघितलं तर नेम चुकेल."

"चुकू दे."

अप्पांनी मान वर केली, वहिनींकडे पाहिलं आणि तसाच खटका दाबला.

फोटो धुऊन आला, त्यात वहिनी गळ्यापासून खाली होत्या. मंगळसूत्र, हातातल्या बांगड्या, तुळस, सगळं स्वच्छ. चेहरा नव्हता. अप्पा दुसरा काढू म्हणाले. वहिनींनी तो चौकट करून माजघरात लावला. कोणी हसलं की सांगत, "बाकीचे सगळे तिच्याकडे बघून काढलेत. हा माझ्याकडे बघून."

पुढे काही वर्षांनी वहिनी तापाने गेल्या. हार घालायला चेहऱ्याचा फोटो हवा, असं भटजी म्हणाले. दुसरा नव्हता. अप्पांनी तोच भिंतीवरून उतरवून पाटावर ठेवला, हार घातला आणि मान खाली घातली. हातात काही नव्हतं. ती मान बराच वेळ वर आली नाही.