मोटारीचा शेंदूर

नातू माझ्या सासऱ्यांच्या जुन्या मोटारीचा रंग खरवडतोय. परवा त्याने जवसाच्या तेलाचा डबा उघडला आणि त्या वासाने मला सासरचं, वडनेरचं अंगण आठवलं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मी नवी सून होते. सासरे मोटारीच्या सांगाड्याला डांबर फासायला निघाले होते. उस्मान मिस्त्री म्हणाले, "डांबर उन्हात वितळते, मालक. गंज रोखाले जवसाच्या तेलात शेंदूरच पाह्यजे."

शेंदराचा पहिला हात बसला आणि सासूबाईंनी हात जोडले. "आता हा देव झाला. याच्यावर बसाचं कसं?"

मिस्त्री हसले नाहीत. "वरून काळा रंग देतो, माय. देव आत राहीन."

सासूबाई मोटारीत बसल्या, पण चपला काढून.

काल काळ्या रंगाखाली तोच शेंदूर निघाला. गंजाचा ठिपकाही नव्हता. मी नकळत चपला काढल्या.