विडीची तलफ आणि वैद्यबुवांचा खल

कल्याणच्या मराठी शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा विडीशिवाय माझे पान हलत नसे. आपट्याच्या पानाच्या दहा-बारा विड्या दिवसाला लागत. पुढे खोकला इतका वाढला की मुलांना कविता म्हणून दाखवताना दुसऱ्या चरणावर दम लागे. बायकोने शपथा घातल्या, शेजाऱ्यांनी देवाला नवस बोलायला सांगितले. मी नवस बोललो आणि चौथ्या दिवशी मोडला.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या वैद्यबुवांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, खोकल्यावर अडुळशाचा काढा दिला आणि तलफ आली की दाढेत धरायला भाजलेला ओवा आणि ज्येष्ठमध. शिवाय एक विचित्र अट घातली. शाळा सुटल्यावर, म्हणजे तलफ सर्वांत जोराची असते तेव्हा, त्यांच्या ओटीवर येऊन हे औषध मी स्वतः खलात कुटायचे. हात गुंतलेले, समोर बुवांच्या गोष्टी. तास कसा सरे, कळत नसे.

महिना बरा गेला. मग ठाण्याला एका लग्नात, जेवणानंतरच्या बैठकीत, कोणी विडी पुढे केली आणि मी ती घेतली. मागोमाग आणखी तीन. परतल्यावर बुवांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली. पाच दिवस मी त्यांच्या आळीतून जाणेही टाळले.

सहाव्या दिवशी बुवा स्वतः काठी टेकत माझ्या दारात उभे राहिले. बोलावल्याशिवाय ते कोणाकडे जात नसत. मी मान खाली घालून सगळे सांगू लागलो. त्यांनी ते पुरते ऐकूनही घेतले नाही.

"मास्तर, ओवा कुटायचा राहिलाय," ते म्हणाले. "उद्या येताय ना?"

मी गेलो. त्यानंतरही दोनदा घसरलो, आणि दोन्ही वेळा न लपवता सांगितले. माघ संपेपर्यंत विडी सुटली. मी गावभर बुवांच्या औषधाची थोरवी गाऊ लागलो, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले.

"औषधाने तुमचा खोकला गेला. विडी तुम्ही सोडलीत. लोकांना खोटे सांगू नका."

पुढे दिवा गावाकडचा एक मिठागरवाला चिलीम सोडायला येऊ लागला. त्याची काही सुटली नाही. पण बुवा होते तोवर, तो आला की त्याच्यासाठी ओटीवर पाट मांडला जाई आणि खल पुढे सरकवला जाई.