हिराकाकींचं चुंबक

१२ ऑक्टोबर, रविवार. दिवाळी तोंडावर आली म्हणून आज गॅलरीची ग्रिल घासायला घेतली. ऐरोलीत खाडीकडून येणारी हवा लोखंडाला सुखानं नांदू देत नाही. अर्धी ग्रिल घासून होते न होते तोच बेल वाजली. दारात हिराकाकींचा मुलगा विनोद उभा होता, हातात फडक्यात बांधलेली पुडी.

"आईनं सांगून ठेवलेलं, हे सेक्रेटरीला द्या."

सोसायटीची सेक्रेटरी मीच. पुडीत काय आहे ते मला न उघडता कळलं. त्यानं ती पुढे केली तशी ती माझ्या हातात यायच्या ऐवजी लोखंडी सेफ्टी डोअरला जाऊन टप्पदिशी चिकटली.

"निरोप पण आहे," विनोद म्हणाला. "पण वहिनी, आधी चहा."

आईवर गेलाय.

ते चुंबक जुन्या भोंग्यातलं, गोल, भाकरीच्या गोळ्याएवढं. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून काकींनी त्याला मऊ कापड शिवून घेतलं होतं. ते कायम त्यांच्या कमरेच्या बटव्यात, तंबाखूच्या डबीशेजारी असायचं. बाई कुठल्याही लग्नाला, बारशाला गेल्या की आत शिरायच्या आधी दारातल्या गाड्यांना एक फेरी मारायच्या. गाडीच्या दाराला चुंबक लावायचं. चिकटलं तर पुढे. सुटून पडलं तर गालातल्या गालात हसायचं आणि पुढे. ठोकलेल्या गाडीचा पोचा सरळ न करता त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर रंग मारला, की डोळ्याला काही कळत नाही, चुंबकाला कळतं. लांबीला चुंबक धरत नाही.

काकी मूळच्या घणसोली गावातल्या, राहायला आमच्याच सोसायटीत. रबाळ्याला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. रंग मारायला पुरुष, घासायला बायका, अशी तिथली वाटणी. "रंग काय, कोनपन मारतंय," त्या म्हणायच्या. "घासायला कंबर लागते. म्हनून तर बाप्ये रंग मारतात."

त्यांच्या भाचीला बघायला मुलाकडचे आले तेव्हाची गोष्ट सगळ्या सोसायटीला पाठ आहे. मुलगा चकचकीत गाडीतून उतरला. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि काकी खाली. वर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जावयबापू, गाडी कवा ठोकली?"

मुलाच्या हातातला चमचा थांबला. "काकी, खरं सांगू? गाडी मित्राची आहे. आज एका दिवसासाठी आणली."

मुलाच्या आईनं कपाळावर हात मारला. काकींनी मात्र भाचीच्या बापाला तिथल्या तिथे सांगितलं, "द्या पोरगी. पोराला लांबी भरता येत नाय."

संसार चांगला चाललाय.

आमच्या गाडीजवळ मात्र मी त्यांना फिरकू दिलं नाही. गाडी माझ्या धाकट्या दिरांकडून घेतलेली. "वहिनी, एक टाचणी लागलेली नाही," असं त्यांनी देवाशपथ सांगितलं होतं. घरातल्या माणसाच्या शपथेला चुंबक लावायचं नसतं, असं माझं मत. काकी बटव्याकडे हात नेऊन माझ्याकडे बघायच्या आणि मी "काकी, नाही" म्हणायची. "बरं गो," असं म्हणून त्या इतक्या गोड हसायच्या की मला रात्री जेवण जायचं नाही.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी जीप, चारही चाकं ओढणारी. गावची शेती शहरात गेली तेव्हा नवऱ्यानं मुरबाडकडे डोंगराखाली थोडी जमीन घेतली होती. तिथे जायला ओढ्यातून आणि चिखलातून वाट. नवरा गेल्यावर काकी स्वतः जीप चालवायला शिकल्या, आणि दर शनिवारी पदर खोचून, गॉगल लावून जायच्या. जीप नाही तर जमीन नाही, इतका तो सरळ हिशोब होता. पण जीपला गंजानं धरलं होतं. दारांच्या खालच्या कडा फरसाणासारख्या कुरकुरीत झाल्या होत्या आणि ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसायचा. "बरं हाय, पायाला वारा लागतो," काकी म्हणायच्या.

आमचे चेअरमन सावंतसाहेब यांना ती जीप डोळ्यांत खुपायची. त्यांची पांढरी गाडी बरोब्बर तिच्या शेजारी उभी असे. "इतकी वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही," हे वाक्य ते दर मीटिंगला कुठल्याही विषयावर बोलताना आणायचे. तीन वर्षांपूर्वी गणपतीनंतरच्या मीटिंगमध्ये त्यांनी ठरावच मांडला. दसऱ्याला सगळ्या गाड्या पूजेला लागतात, त्या दिवशी ज्या गाडीच्या पत्र्यात खोट दिसेल ती कंपाउंडबाहेर. बाहेर म्हणजे भंगारात. आमच्या रस्त्यावर सायकल लावायला जागा नाही.

काकी मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "साहेब, ह्यो नियम माज्याच गाडीला का सगल्यांना?"

"सगळ्यांना," सावंतसाहेब ऐटीत म्हणाले. "माझ्यासकट."

"मग बरं हाय."

सेक्रेटरी म्हणून नोटीस द्यायला मी खाली गेले तर काकी जीपखाली. नुसते पाय दिसत होते. "नोटीस ना? ठेव तितं. आनि ह्यो पेपर धर, ती कड घास." पॉलिश पेपर कधी हातात आला ते कळलंही नाही. मी दुपारपर्यंत घासत होते. माझ्याच सहीच्या नोटिशीवर काकींनी थिनरचा डबा ठेवला होता.

त्यांची पद्धत अशी. आधी स्क्रूड्रायव्हरनं टोचत जायचं. पत्रा टणक लागला तर घासायचं, टोक आत गेलं तर तिथे खडूनं फुली. फुल्यांचे तुकडे रबाळ्याच्या वेल्डरकडून कापून काढले आणि नवा पत्रा बसवला. "सडलेलं ठेवून वरून नटवायचं नाय," हे त्या वेल्डरलाही सांगत होत्या, मलाही, आणि पार्किंगमधून जाणाऱ्या कुणालाही. मग पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं, थिनरच्या फडक्यानं पुसायचं, आणि त्याच दिवशी लाल प्रायमर मारायचा. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी पुन्हा तांबूस होतं. एकदा मी पुसलेल्या दारावर कौतुकानं हात फिरवला तर काकींनी तो हात फटकन मारला. "घामाचा हात! तुजी बोटं उद्या गंजून वर येतील." पाऊस परतीचा होता. आभाळ भरलं की काकी डब्याचं झाकण लावायच्या आणि आभाळाला आगरी शिव्या द्यायच्या. त्या इथे लिहिता येत नाहीत.

दसरा जवळ आला आणि एक दार अजून बाकी. सावंतसाहेब पाहणी करायला आले. त्यांना खरंतर दया आली असावी.

"काकी, कशाला एवढी मेहनत? लांबी भरून टाका. माझ्याकडे एक माणूस आहे. असं काम करतो, बायकोलासुद्धा पत्ता लागत नाही."

काकींचा ब्रश थांबला. त्यांनी एकदा सावंतसाहेबांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या पांढऱ्या गाडीकडे.

"ओरखडा नाय म्हनता, मग मानूस कशाला ठेवलाय?"

"ओळखीचा आहे. इतरांना सांगायला."

"हां, इतरांना."

ते गेल्यावर मी म्हटलं, "काकी, चुंबक लावून बघायचं का?"

"मी नाय लावनार. माज्या गाडीवर वाद हाय. मी लावलं तर भांडन, आनि भांडलं तर गाडी जानार." त्या पुन्हा ब्रश मारू लागल्या. "सेक्रेटरी, तुला बारीक चुंबकं मिलतील? फ्रिजला लावतात तसली. सगल्या गाड्यांना पुरतील एवडी आन. झेंडू मी आनते."

दसऱ्याच्या सकाळी कंपाउंडमध्ये गाड्या धुऊनपुसून ओळीनं उभ्या. हिरवीगार जीप नवऱ्यामुलासारखी. काकी ताट घेऊन आल्या. त्यात टपोरी झेंडूची फुलं, प्रत्येकाच्या देठाला मागून एक चुंबक दोऱ्यानं बांधलेलं. "सोसायटीला माज्याकडून. हार वाऱ्यानं पडतात. ह्ये फूल नाय पडत. ज्यानं त्यानं आपल्या गाडीच्या दाराला लावा. बंपरला नको, तो प्लास्टिकचा."

लोक खूश झाले. टप टप फुलं लागली. आमच्या गाडीच्या पुढच्या दाराला लागलं, तेवढ्यावर मी थांबले. जीपच्या दारांना तर काकींनी खालपासून वरपर्यंत पाच-सहा लावली.

सावंतवहिनींनी डाव्या दाराला फूल लावलं. ते घसरलं. उचलून पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं.

"चुंबक कमजोर असेल," सावंतसाहेब घाईनं म्हणाले. "राहू दे. उजवीकडे लाव."

काकींनी तेच फूल उचलून जीपला लावलं. टप. काढून वहिनींच्या हातात परत दिलं. माझ्या ओळखीत काकी इतका वेळ गप्प बसल्याची ती एकमेव वेळ.

वहिनींनी फूल दारावर ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत कुठेच धरेना. चाकाच्या पलीकडे एका जागी गपकन बसलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही एकटे लोणावळ्याला गेला होता, आणि नंतर गाडी आठवडाभर सर्व्हिसिंगला होती, ते हे का?"

"सर्व्हिसिंगच होतं ते."

"आणि मला वर्षभर ऐकवता, बायकांना गाडी देऊ नये, ठोकतात म्हणून?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. नियम सगळ्यांना होता, "माझ्यासकट" असं सावंतसाहेबांनीच सांगितलेलं. आता सगळे माझ्याकडे बघत होते, सेक्रेटरी काय करते म्हणून. मी ठरावाचं काही बोलायच्या आत काकींनी पेढ्याचा बॉक्स पुढे केला.

"साहेब, फूल ऱ्हात नाय तर हार घाला. हाराला कोन इचारतंय? पेढा घ्या."

सावंतसाहेबांनी पेढा घेतला. तो गिळेपर्यंत त्यांचा ठराव बदलला. "मी काय म्हणतो, काकींनी जीप छान केलीय. जुनी गाडी म्हणजे सोसायटीची शोभा असते."

पुढच्या दसऱ्याला गाडी सावंतवहिनी चालवत होत्या.

त्यानंतर काकी फार दिवस इथे राहिल्या नाहीत. जीप धड झाल्यावर सामान त्यात भरून जमिनीवरच राहायला गेल्या. "इतं घासायसारकं काय उरलं नाय," म्हणाल्या. यंदा श्रावणात जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. पावसात ओढा भरलेला, रुग्णवाहिका अलीकडे थांबली. त्यांना अलीकडे आणलं ते जीपनंच.

आज विनोदनं चहा संपवला. मी गॅलरीतून खाली पाहिलं. जीप उभी होती, हिरवी, चिखलानं बरबटलेली, आणि चिखलाखाली पत्रा शाबूत.

"निरोप?" मी विचारलं.

"आई म्हणायची, 'मी गेल्यावर सेक्रेटरीला सांग, आता मी नाय हसायला. लावून बग.'"

तो गेल्यावर मी घासलेल्या अर्ध्या ग्रिलला लाल प्रायमर मारून घेतला. रात्रभर उघडं ठेवायचं नसतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर मी चुंबक घेऊन खाली उतरले. आमच्या गाडीचं पुढचं दार, टप. मागचं दार, टप. पलीकडे गेले. मागच्या दाराला लावलं आणि ते सरळ माझ्या चपलेवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा मी लावलं नाही. पदरानं पुसलं, कमरेला खोचलं आणि तिथूनच दिरांना फोन केला.

"भाऊजी, पाडव्याला जेवायला या. नवीन गाडी घेऊनच या हं, आपण पूजा करू. हार आणू नका. फूल मी लावीन."