आप्पांचं लाल बोट

नागीणवाले आप्पा गिरणीत उभे असले की पिठानं भुवयांपर्यंत पांढरे झालेले असत. फक्त उजव्या हाताचं एक बोट लाल. वाटीत कालवलेल्या कावेनं, म्हणजे गेरूनं, रंगलेलं. गिरणीची पायरी हाच त्यांचा दवाखाना. अंगावर नागीण उठलेला माणूस रविवारी तिथं बसायचा. आप्पा गिरणी बंद करून काहीतरी पुटपुटत फोडांभोवती रिंगण काढायचे आणि म्हणायचे, “बांधली. आता तोंड शेपटीला भिडत न्हाय. जावा, मीठ खाऊ नगासा.”

माणूस काही आठवड्यांत बरा व्हायचा. नागीण बहुतेकांची आपोआपच सुकते, भोवती रिंगण काढा नाहीतर रांगोळी. पण सुकायचं श्रेय कावेला, आणि सुकली नाही तर दोष मिठाला. इतका सोयीचा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

धंदा म्हटलेलं त्यांना खपत नसे. “इद्येला पैसा लावला की इद्या जाती,” असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्यांचे हात जोडले जात. आमच्या पेठेला हा त्यांचा मोठेपणा वाटे. मला ती त्यांची सगळ्यात धूर्त चाल वाटते. फुकटच्या औषधाचा जाब कोण विचारणार? पैशाऐवजी ते माणसांची भीड घेत, आणि भीड कधी फिटत नाही.

लहानपणी मात्र ते मला आवडायचे. हे लिहिताना आजही चीड येते. मी ज्वारीचा डबा घेऊन गेले की ते गिरणीच्या आवाजावर ओरडायचे, “आली बघा कामरेडची लेक! आज कुणाचा मुर्दाबाद?” माझे बाबा फाउंड्रीत कामगार. कोल्हापुरातला कुठलाही मोर्चा बाबांच्या घोषणेशिवाय हलत नसे. आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. ती चिकटवायला पेठेत कुणी भिंत देईना, तेव्हा आप्पांनी गिरणीची दिली. “चिकटव की. भिंत काय वाचाय लागली न्हाय अजून.” बुवाबाजीविरुद्धचं पत्रकसुद्धा बाबांनी त्याच भिंतीवर लावलं. आप्पांनी पायरीवर बसून ते वाचलं, “झ्याक लिवलंय” म्हणाले, आणि समोरच्या बाईच्या पाठीवर रिंगण काढायला लागले.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा कान ठणकायला लागला. आत फोड आले. मी दवाखान्याचं म्हणत होते, तेवढ्यात आप्पा स्वतः काव घेऊन दारात हजर.

“कानातली हाय ही. लई वंगाळ. सुई लागली की भडकती. डाक्टरकडं जायाचं न्हाय.”

“बाबा, उठा,” मी म्हणाले.

“राहू दे गं. माणूस घरापर्यंत आलाय,” बाबा पुटपुटले आणि कान पुढे केला. आयुष्यभर बुवाबाजीविरुद्ध बोललेला माणूस एका भिंतीच्या भिडेपोटी काव लावून घेत होता. कानाच्या आत रिंगण मारता येईना, म्हणून आप्पांनी ते गालावर मारलं.

पुढच्या काही दिवसांत तोच गाल उतरला. चहा ओठाच्या कोपऱ्यातून सांडायला लागला, डोळा मिटेना. पेठ म्हणाली, तोंडावरनं वारं गेलं. आप्पा म्हणाले, “शेपूट गालावर आलंय. ह्यानं मीठ खाल्लं असणार.”

शेवटी मी बाबांना ओढतच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “लहानपणी कांजिण्या झाल्या असतील. तोच विषाणू चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी इतकी वर्षं झोपून होता, आता उठला. पहिल्या तीन दिवसांत आला असता तर गोळ्यांचा बराच उपयोग झाला असता. आता किती भरून येईल, सांगता येत नाही.”

फार भरून आलं नाही. एक कान गेला. ओठ नीट मिटेनात. ‘जिंदाबाद’मधल्या ‘ब’मधून नुसता वारा जायचा. पुढच्या मोर्चात बाबा पहिल्यांदा मागच्या रांगेत चालले.

वर्षभरानं बाबांना त्याच दवाखान्यात तपासायला नेलं, तर बाकावर आप्पा बसलेले. कान लाल, कानात फोड.

“आप्पा, तुम्ही इथं?”

“व्हय की. सकाळी उठलो न् दिसलं. लगीच रिक्षा केली.”

“आणि काव?”

“आपली आपल्याला बांधता येत न्हाय पोरी. नेम हाय तसा.”

बाबा अर्ध्या तोंडानं हसले. असं हसू मी पुन्हा पाहिलं नाही, पाहायचंही नाही. गोळ्या वेळेत पोटात गेल्या, आप्पांचा चेहरा सरळ राहिला. त्याच सरळ चेहऱ्यानं पुढच्या रविवारी ते पायरीवर बसले.

यंदा ते गेले. झोपेतच. गिरणीच्या भिंतीवर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, ‘हजारोंचे प्राणदाते’. आणि खाली पायरीवर काव घेऊन त्यांचा मुलगा बसला.

मी पत्रक लिहिलं. पानभर. ढोंगी, भोंदू, निर्लज्ज, काही शिल्लक ठेवलं नाही. बाबांनी ते वाचलं, पेन मागितलं आणि ओळीमागून ओळ खोडत गेले. उरलं ते एवढंच: ‘कान दुखून फोड आले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आप्पा गेले होते.’

रविवारी बाबांनी स्वतः खळ लावली आणि फ्लेक्सच्या शेजारी कागद तळव्यानं दाबून बसवला. आप्पांचा मुलगा कागद वाचून पुन्हा काव कालवायला लागला. पायरीवर शिरोळकडचा एक माणूस कानाला टॉवेल बांधून बसला होता. त्यानं एकेक शब्द जुळवत कागद वाचला, मग फ्लेक्सवरच्या फोटोकडे पाहिलं.

“आप्पा म्हंजे ह्येच न्हवं?”

बाबांनी मान डोलावली.

त्यानं पायांत चपला सरकवल्या. “पावणं, रिक्षा कुठं मिळंल?”